बाळंतिणीचा रक्तस्राव थांबतो कसा?



बियाण्या-खतांविषयी आपण नेहमी बोलतो. आज घरच्या बाळंतिणीविषयी बोलू.

दिवस भरले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहते. वार सुटल्यावर तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवी आवळली की तिचे स्नायू त्या दाबून बंद करतात. पिशवी ढिली राहिली, तर पाट फुटल्यासारखे रक्त जाते. अर्ध्या लिटरवर गेले की धोका समजावा. उपचार न मिळाल्यास दोन तासांतही जीव जाऊ शकतो. ‘वाईट रक्त जातंय, जाऊ दे’ असे म्हणत बसू नये.

डॉक्टर आधी पोटावरून पिशवी चोळतात, ऑक्सिटोसिन देतात, वारेचा तुकडा राहिला आहे का, कोठे जखम आहे का, ते पाहतात. तेवढ्याने भागले नाही, तर पिशवीत फुगा फुगवून आतून दाब देतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी निरोधाला रबरी नळी बांधून, त्यात सलाईन भरून हे काम स्वस्तात साधले. त्यांची रीत २००३ साली प्रसिद्ध झाली.

तरीही रक्त थांबले नाही, तर पोट उघडावे लागते. पाटाचे दार लावावे तशी पिशवीकडे येणारी रक्तवाहिनी बांधतात. किंवा सुतळीने गाठोडे आवळावे तसा, विरघळणारा दोरा पिशवीवरून दोन्ही बाजूंनी घेऊन ती दाबून धरतात. हा टाका इंग्लंडमधील डॉ. क्रिस्टोफर बी-लिंच यांनी १९९७ साली जगापुढे मांडला. तो लागू पडला तर पिशवी वाचते, पुढे दिवसही राहू शकतात. पिशवी काढणे हा शेवटचा उपाय.

हे सारे दवाखान्यातच होते. वेळेत पोहोचवणे मात्र आपल्या हाती. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा : शस्त्रक्रिया आणि रक्त कोठे मिळेल, गाडी कोणाची, रक्त द्यायला कोण येईल? लोहाच्या गोळ्या चुकवू नका. अंगात रक्त कमी असलेली बाई थोड्या स्रावानेही खचते.

घरी आल्यावर तासाभरात घडी भिजून चिंब झाली, गरगरले, हातपाय गार पडले, तर १०८ला फोन करा. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला उपचार, रक्त आणि वाहन मोफत आहे. पैशांसाठी थांबू नका.

पिकाचे पाणी चुकले तर पुढचा हंगाम येतो. इथे तसे नाही.