बंगल्यामागचा श्रावणघेवडा

लोणावळ्याच्या परिसरात ज्या शेतजमिनींना बिनशेतीची परवानगी मिळून त्यांवर पुण्या-मुंबईकरांचे बंगले उभे राहिले, त्यांच्याभोवती आज मखमली हिरवळ जोपासली जाते. आणि जिच्यापायी उन्हाळ्यात पाणी व बारमाही माळ्याचे श्रम खर्ची पडतात, ती हिरवळ धन्याच्या ताटात एक पानही वाढत नाही, हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटत नाही. सरकारी दप्तरात जमिनीचा वर्ग बदलला, तरी मातीचा गुणधर्म बदलत नाही. त्या हिरवळीचा एक कोपरा श्रावणघेवड्याला द्यावा, एवढीच माझी शिफारस आहे.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या इंद्रायणी भाताने मावळ तालुक्याची कीर्ती वाढवली, हे खरेच. परंतु खाचरातल्या ज्या पाण्यावर भात पोसतो, त्याच पाण्यात घेवड्याचे बी कुजते. म्हणून घाटमाथ्यावर ऐन पावसाळ्यात पेरणीचा हट्ट न धरता, पाऊस ओसरल्यावर, निचऱ्याच्या गादीवाफ्यावर इंचभर खोल बी टोकावे. बुटक्या जातीला मांडवही लागत नाही, आणि सुमारे पन्नास दिवसांत पहिला तोडा हाती येतो.

फरसबी, म्हणजे हाच श्रावणघेवडा, मंडईत मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेंगेतच आहे. कोवळी शेंग वाकवताच कट्‌कन मोडते, तिची शीर सहसा काढावी लागत नाही, आणि मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची व ओले खोबरे एवढ्यावर तिची भाजी होते. तीच शेंग वजनासाठी वेलावर राखली, मग गोणीतून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात आणि तिथून दुकानात गेली, की तिचा लुसलुशीतपणा वाटेतच सरतो.

खरी अडचण निराळीच आहे. शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्या लागतात, कारण त्या झाडावर जून होऊ दिल्या की नवा बहर आटतो. आणि बंगल्याचा धनी तर शनिवारीच उगवतो. तेव्हा मधल्या वारांचा तोडा राखणदाराच्या घरी जावा, असा करार पेरणीच्या वेळीच करावा: त्यात त्याचा हक्क राहील, धन्याचे काही उणे होणार नाही, आणि शनिवारच्या ताटात शेंग कोवळीच पडेल.