बॅटरीचा काय दोष?

भोपाळच्या ट्रान्सपोर्टनगरात आमच्या ट्रकच्या बॅटऱ्यांचं पाणी पुन्हा आटलं, बल्बही उडाले. ड्रायव्हरमामा म्हणाले, "नीरु निल्लंगिल्ल री!" तिथल्या मिस्त्रींनी आधी मीटर लावला. 24 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण 28 व्होल्ट हवेत. इथं 31 निघाले! आमच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर एका बारीक तारेतून बॅटरीचे व्होल्ट ओळखतो. तिचं टोक गंजल्यानं त्याला व्होल्ट कमीच वाटत, म्हणून तो चार्जिंग वाढवत राही. टोक घासून आवळलं, मीटर 28 वर आला. जादा चार्जिंगनं हायड्रोजन सुटतो. एका ठिणगीनं बॅटरी फुटू शकते. तेव्हा वाचकहो, नवी बॅटरी घेण्याआधी चार्जिंग मोजून घ्या. घरच्या 12 व्होल्टच्या गाडीत ते साधारण 14 असावं.