घरची तूर, दुकानची डाळ



घरखर्च कमी करायचा म्हटले की पहिली कात्री ताटावर चालते. दूध सगळे डेअरीला जाते, वरण पातळ होते, पोरांच्या वाटीत पाणी वाढते. ही काटकसर नव्हे, ही उपासमार. खरा पैसा जातो दुसऱ्याच वाटेने. आपल्याच रानात पिकलेला माल आपण खळ्यावरून विकून टाकतो आणि तोच माल वर्षभर किलो-अर्धा किलो करून दुकानातून महाग आणतो. आज एका तुरीचा हिशेब मांडून पाहू.

पाच माणसांच्या घराला रोज पाव किलो डाळ लागते असे धरू. वर्षाची झाली ९१ किलो. १०० किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. म्हणजे घराला १३० किलो तूर पुरे. समजा, ही तूर किलोला ६५ रुपयांनी विकली. हाती आले ८,४५० रुपये. पुढे वर्षभर डाळ १२० रुपये किलोने घेतली. गेले १०,९२० रुपये. फरक २,४७० रुपयांचा. डाळ करून घेण्याची मजुरी तुरीच्या किलोला ५ रुपये धरली तर ६५० रुपये वजा करा. तरी १,८२० रुपये घरात राहिले. शिवाय टरफल आणि चुणी गुरांच्या दावणीला आली, ती वेगळीच. भाव दरसाल बदलतात, म्हणून आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब वहीत करावा. दुकानात उधारीचे खाते असेल तर फरक आणखी वाढतो, कारण उधारीवाल्याला भाव करता येत नाही.

हे एका डाळीचे झाले. हरभऱ्याची डाळ, बेसन, मूग, हळद, मिरची, भुईमूग असेल तर तेल, या प्रत्येकाचा असाच हिशेब निघतो.

यावर शेतकरी म्हणतात, "साहेब, तूर निघते तेव्हाच देणेकरी दारात उभा असतो. ठेवायची कशी?" अडचण खरी आहे. पण सव्वा क्विंटल तुरीने सारे देणे फिटत नाही, आणि ती विकल्याने दुकानाचे नवे देणे मात्र त्याच महिन्यात सुरू होते. वर्षाची बेगमी जमत नसेल तर सहा महिन्यांची करावी. ६५ किलो तूर बाजूला काढावी आणि तिची डाळ ज्येष्ठापासून पुढे वापरावी. त्या दिवसांत बियाणे-खतात पैसा गुंतलेला असतो आणि वरण पातळ होते ते तेव्हाच.

ठेवायची तूर आधी कडक वाळवावी. दाणा दाताखाली दबू नये, कट्‌कन फुटावा. कडधान्याच्या भुंग्याची अंडी बऱ्याचदा रानातल्या शेंगेवरच पडलेली असतात आणि दाण्याबरोबर घरात येतात. म्हणून अख्खी तूर फार दिवस न ठेवता लवकर डाळ करावी. फोडलेल्या डाळीवर हा भुंगा सहसा वाढत नाही. डाळ घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. खाण्यासाठी काही तूर अख्खीच ठेवायची असेल तर किलोला चमचाभर खाद्यतेल चोळावे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

डाळ घरी करण्याची रीत जुन्या बायकांना पाठ आहे. तूर रात्रभर भिजवायची, काव किंवा तांबडी माती लावून ढीग घालायची, उन्हात खडखडीत वाळवायची, माती झटकून जात्यावर भरडायची. परंतु हे कष्ट घरच्या लक्ष्मीचे आहेत आणि ते फुकटचे समजू नयेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी छोटी डाळ मिल तयार केली आहे. काही ठिकाणी महिला बचत गट अशा मिल चालवतात. जवळपास असेल तर तेथून डाळ करून घ्यावी. आपला पैसाही गावातच राहतो.

ज्यांच्याकडे तूर नाही त्यांनी सुगीत शेजारच्या शेतकऱ्याकडून रोखीने घ्यावी. त्याला बाजारभावाने दिली तरी त्याचे गाडीभाडे, हमाली वाचते आणि आपल्याला दुकानापेक्षा स्वस्त पडते. चार घरांनी मिळून घेतली तर डाळ करून आणण्याचा खर्चही वाटला जातो.

राहिला प्रश्न वाचलेल्या पैशांचा. ते घरधनिणीच्या हाती द्यावेत आणि त्यातले थोडे दूध घरात ठेवण्यासाठी खर्ची घालावेत. रोज लिटरभर दूध डेअरीला कमी गेले तर घर बुडत नाही. वाढत्या वयाच्या पोरांना मात्र त्याची जोड मिळते.

तेव्हा यंदा तुरीचे खळे होईल त्या दिवशी काटा लावण्याआधी घरचे पोते भरून शिवून टाकावे आणि त्यावर डांबराने खूण करावी. उरलेल्या मालाचा सौदा मग खुशाल करावा. व्यापारी थांबतो, पोराची भूक थांबत नाही.