जुगाड म्हणू नका!

'जुगाड' हा शब्द आपण हसत हसत वापरतो आणि मला तो खटकतो. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांचंच घ्या. १९९४ च्या सुमारास दुष्काळात बैल पोसणं परवडेना, ट्रॅक्टर तर आवाक्याबाहेर. या शेतकऱ्याने बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला औत जोडलं. नाव 'बुलेट सांती'. साधारण दोन लिटर डिझेलमध्ये, अर्ध्या तासात एकरभर काम!

आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा विचार करावा. रस्त्यावर पळणारी गाडी औताला जुंपायची म्हणजे वेग उतरवून टॉर्क वाढवायचा. गाडी हलकी, चाक घसरणार. शिवाय पिकाच्या दोन ओळींतून ती गेली पाहिजे. हेच प्रश्न आपण मशीन डिझाइनच्या पेपरात सोडवतो, तेही मागचे पेपर बघून. त्यांना २००५ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं ते काय उगाच?

आणि आपण? फायनल इयरचा प्रोजेक्ट शहरात तयार मिळतो, बाइंडिंगसकट. (भाव हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा.)

ब्रेकचं, सेफ्टीचं काय, असं सर म्हणतील. रास्त आहे. घरगुती यंत्रांत बहुधा तिथेच कच्चं राहतं, आणि आपलं शिक्षण तिथेच कामी येईल. आसपासच्या गावात असं एखादं यंत्र सापडेलच. त्याचं ब्रेक टेस्टिंग प्रोजेक्ट म्हणून द्या, मार्क त्याचे द्या. आणि वर्कशॉपचं कुलूप तेवढं संध्याकाळी उघडं ठेवा.