कोरड्या माशीचं सोवळं

मासा पकडायला माशी लागते, हे ऐकून गंमत वाटेल. पण फ्लाय फिशिंग म्हणजे तेच. पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून नकली कीटक बनवायचा आणि ट्राउटला फसवायचं. पाण्यावर तरंगतो तो ड्राय फ्लाय, पाण्याखाली जातो तो वेट. एकाच दोरीला दोन्ही बांधले, तर काही जुन्या खोडांच्या कपाळाला आजही आठ्या पडतात. ‘ही काय मासेमारी झाली?’ माझ्या मते झाली, आणि चांगली झाली.

हे सोवळं आलं दक्षिण इंग्लंडमधून. तिथल्या टेस्ट, इचेन या चुनखडीतून झिरपणाऱ्या नद्यांचं पाणी इतकं नितळ, की मासा उभा दिसतो. फ्रेडरिक हॅलफर्डनं १८८९मध्ये कोरड्या माशीचं जाडजूड शास्त्र लिहिलं आणि त्याच्या भक्तांनी त्याचा धर्म करून टाकला. पाण्याखाली गळ सोडणं म्हणजे थेट असभ्यपणा! स्क्यूज नावाच्या वकिलाला हे काही पटेना. नल्लीतला गर काढायचा असतो ना, तसला चमचा तो पकडलेल्या ट्राउटच्या पोटात घालायचा आणि आत काय आहे ते बघायचा. आत असायची पाण्याखालची पिल्लं, म्हणजे निम्फ. १९१०मध्ये त्यानं हे पुस्तकात मांडलं. तरी १९३८मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्याला यावर वादाला उभं राहावं लागलं. हॅलफर्डला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. गुरू गेला तरी भक्त उरतात, हे आपल्याला नवीन नाही.

आता मेफ्लायचंच बघा. हा कीटक कित्येक महिने पाण्याखाली निम्फ म्हणून जगतो. मग वर येतो, पंख फुटतात आणि फार तर एक-दोन दिवसांत मरतो. म्हणजे बहुतेक आयुष्य ओलं, शेवटचा तुकडा कोरडा. ट्राउटचं बरंचसं जेवणही खालीच होतं. अशा वेळी फक्त पृष्ठभागावर अडून राहणं म्हणजे कॅंटीन तळमजल्यावर असताना गच्चीवर डबा घेऊन बसणं.

दोन्ही जोडण्याची रीत साधी आहे. वर चांगला तरंगणारा ड्राय फ्लाय. त्याच्या गळाच्या बाकाला वीतभर ते दोन फूट नायलॉन, आणि त्याच्या टोकाला वजनदार निम्फ. पाणी जितकं खोल, तितका दोरा लांब. निम्फ फार जड घेतला तर तो वरच्यालाच बुडवतो. वरची माशी अचानक थबकली किंवा बुडाली, की काठी उचलायची. खाली कुणीतरी तोंड लावलंय. वरचा फ्लाय आमिषही आणि खूणही. यात कौशल्य कमी लागतं म्हणणाऱ्यानं दोन्ही फ्लाय एकाच वेगानं, प्रवाहाच्या ओढीला न जुमानता वाहते ठेवून दाखवावेत. शिवाय गुंता झाला की तो सोडवत बसायचा, ते वेगळंच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खरा वाटतो. मासा एका गळाला लागून धडपडतो, तेव्हा दुसरा मोकळा गळ त्याच्या अंगात किंवा जाळीत रुततो. मासा सोडून द्यायचा असेल तर हा खेळ त्याच्या जिवावर बेततो. त्यामुळे गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायलाच हवा. आणि मासे वरवरच खाताना दिसत असतील, तर खालचा गळ काढून टाका. तिथे तो निव्वळ हाव आहे.

ट्रेकच्या निमित्तानं आपल्याकडची बरीच पोरं हिमाचलला जातात. तिथल्या तीर्थन नदीत ब्रिटिशांनी आणलेल्या ब्राऊन ट्राउटचे वंशज आहेत. मत्स्य विभागाचा परवाना घ्या, एका दोरीला किती गळ चालतात ते तिथेच विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा डिसेंबरात गेलात तर काठी घरीच ठेवा.