विश्लेषण : दुचाकी अपघातात नडगीचे हाड का मोडते? उपचारांचा खर्च कोण करते?

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील सुमारे ४५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेटमुळे डोके वाचते. पण वाचलेल्या अनेकांची पुढची लढाई मोडलेल्या पायाशी असते.

नडगीच का?
कारमध्ये प्रवाशाभोवती पत्रा असतो, दुचाकीस्वाराचा पाय उघडाच असतो. बाजूने धडक बसली की पाय वाहनाचा बंपर आणि दुचाकी यांमध्ये सापडतो. नडगीच्या पुढच्या बाजूला मांसाचा थर नसतो, फक्त कातडी असते. त्यामुळे मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येऊ शकते. हेच ‘ओपन फ्रॅक्चर’.

वेगाचे गणित काय?
वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणजेच ताशी ३० किमी वेगाला जिथे हाडाला तडा जाईल, तिथे ६० च्या वेगात त्याचे तुकडे होऊ शकतात.

धोका कशाचा?
मांडीचे हाड मोडल्यास आतल्या आत लिटरभर रक्तस्राव होऊ शकतो. ओपन फ्रॅक्चरमध्ये रस्त्यावरची माती थेट हाडापर्यंत जाते. संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविके शक्यतो पहिल्या तासाभरात मिळावी लागतात. हाड जुळायला अनेक महिने लागतात. तंबाखू आणि सिगारेटमुळे आणखी उशीर होतो.

घटनास्थळी काय करावे?
१०८ वर फोन करावा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये, पाय ओढून सरळ करू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकावी, रक्त वाहत असल्यास दाबून धरावे. फळी किंवा छत्रीचा आधार देऊन पाय आहे तसा बांधावा. मालिश करू नये.

खर्चाचे काय?
केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या कॅशलेस योजनेत जखमीला निर्देशित रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण अपघातापासून सातच दिवस. गंभीर ओपन फ्रॅक्चरमध्ये मात्र पहिल्या आठवड्यात अनेकदा जखम धुऊन हाड बाहेरून सळ्यांनी स्थिर केले जाते. कातडीरोपण, रॉड, फिजिओथेरपी हे सारे नंतरचे. विमा नसेल तर हा खर्च घरावर पडतो, तोही कमावती व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असताना.