टोळीचे तेल आणि शहरातली क्रीम



कापूस वेचून बोटांना चिरा पडल्या की आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल चोळतात. थंडीत ते तुपासारखे गोठते. शहरातली बाई त्याच कामासाठी डबीतली क्रीम घेते. त्या क्रीममध्ये बहुधा खनिज तेलातून काढलेले पॅराफिन असते, नाही तर पाम तेलापासून केलेली चरबी. आता गिऱ्हाईक विचारू लागले आहे, हे येते कुठून? पामच्या लागवडीसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगले तुटली. युरोपने 2023 मध्ये जंगल तोडून पिकवलेल्या मालाविरुद्ध कायदा केला. अंमल मात्र पुढे ढकलला गेला. कारखानदार दुसरी तेले शोधत आहेत आणि त्यात मोह आहे.

यात नवे काही नाही. 1970 च्या दशकात खाद्यतेलाचा तुटवडा होता, तेव्हा साबण कारखान्यांनी साल, कडुनिंब, मोह अशी जंगलची तेले वापरलीच होती. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, स्वस्त पाम आले आणि जंगलचे तेल मागे पडले.

कापूसवाला म्हणेल, मला याचे काय? क्विंटलभर कापसात रुई पस्तीस किलोच्या आत-बाहेर, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल पडले की कापसाचा भाव पडतो. 30 मे 2025 रोजी सरकारने कच्च्या पाम तेलावरचे मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. आयातीशी आमचे भांडण नाही. पण ग्राहकाला स्वस्त हवे तेव्हा दार उघडायचे आणि आपल्या मालाला बाहेर भाव आला की दार लावायचे, हा कुठला व्यापार? मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात बंद केली ती कोणी विसरलेले नाही.

पश्चिम आफ्रिकेत शिया नावाचे झाड आहे, मोहाच्याच कुळातले. तिथल्या बाया बिया वेचतात आणि त्यांचे लोणी जगभरच्या क्रीममध्ये जाते. प्रक्रिया देशातच व्हावी म्हणून नायजेरियाने ऑगस्ट 2025 मध्ये कच्च्या बियांची निर्यात सहा महिन्यांसाठी बंद केली. हेतू चांगला, पण अशा बंदीत आधी वेचणारीचाच भाव पडतो. घाणी गावात हवी हे खरे. ती बंदीने येत नाही, भांडवलाने आणि रस्त्याने येते.

आपल्याकडे हक्क तरी हातात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आली. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये त्या गावाने स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला. तेंदूचे लिलावही ग्रामसभा करू लागल्या. टोळी मात्र अजून आठवडी बाजारात, व्यापारी म्हणेल त्या भावाने जाते. 2020 मध्ये केंद्राने मोहाच्या बीचा आधारभाव किलोला 29 रुपये ठरवला. तुमच्या बाजारात त्या भावाने खरेदी करायला कोण उभे होते?

दोष थोडा आपलाही आहे. टोळी पडते जेठात, ऐन पेरणीच्या घाईत. ओली बी तशीच पोत्यात भरली की बुरशी धरते, तेल आंबट आणि काळपट निघते. असले तेल क्रीमवाला हातात धरत नाही आणि साबणवाला पाडून मागतो. फोडून, उन्हात खडखडीत वाळवून, स्वच्छ घाणीत काढून गाळलेल्या तेलाची गोष्ट निराळी. पेंडीत सॅपोनिन असते, जनावराला घालू नका, शेतात टाका.

मोहाला फळ धरायला दहा-एक वर्षे लागतात, तेव्हा तो पामची जागा घेईल असे कोणी सांगितले तर ऐकू नका. महागड्या क्रीमपुरते थोडे, पण उत्तम तेल, एवढाच आपला बाजार. आणि फुले वेचायला बुडाशी जाळ लावायचा, त्यात उगवलेली रोपे जाळायची, आणि शहरात त्याच झाडाचे तेल जंगल राखणारे म्हणून विकायचे, हे फार दिवस चालणार नाही. जाळाऐवजी खाली जुनी लुगडी अंथरून फुले गोळा करता येतात.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: यंदा टोळी किती किलो निघाली, बाजारात काय भावाने गेली आणि जवळची चालू घाणी किती कोसांवर आहे.